उरलेली दोन पानं

पर्सी दुऑनच्या दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी दुपारी एक वाजता सहा खुर्च्या मांडल्या जात. त्यांतली खिडकीकडे पाठ असलेली खुर्ची एल्मिर साव्हवाची. ती मिळण्यासाठी एल्मिर आठ वर्षं रांगेत थांबली होती, आणि मिळाल्यापासूनच्या चार वर्षांत तिने एकही गुरुवार चुकवला नव्हता. डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात एका डोळ्यावर पट्टी बांधून ती आली होती, तेव्हा तिचा धाकटा दीर ओवीद म्हणाला होता, "वहिनी अर्धीच पानं बघणार, म्हणजे आज आम्हाला अर्धीच भीती."

या खोलीत फक्त ओमाहा खेळत. प्रत्येकाला चार पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच. आधी तीन उघडायची, मग चौथं, मग पाचवं. हातातल्या चारांतली दोनच लावायची, एक नाही की तीन नाही, आणि मधली तीन. चाल चढवायची ती मधल्या ढिगात जेवढं असेल तेवढ्यापर्यंतच. ढीगभर चाल करायची तर नुसतं 'पॉट' म्हणायचं. आकडा काढायचं काम पर्सीचं. पर्सी स्वतः खेळत नसे, तो फक्त पानं वाटी.

भाताची कापणी उरकली की ऑगस्टमध्ये प्रत्येकाच्या कापडी थैलीत हजार बिल्ले भरले जात. लहानात लहान चाल दोन बिल्ल्यांची. त्यामुळे तासन् तास खेळूनही थैली जागची हलली नाही असं व्हायचं, आणि एका डावात सगळी थैली पालथी झाली असंही. खेळ संपला की थैल्या पर्सीच्या कपाटात जात. पुढच्या कापणीपर्यंत कुणी काही घरी न्यायचं नाही, नवं काही आणायचं नाही. ज्याची थैली संपली त्याने उठायचं आणि रांगेत शेवटी जायचं.

रांगेत सध्या पहिला होता रेजिस, गावचा म्हातारा न्हावी. दुकान मुलाच्या हाती दिल्यापासून तो दर गुरुवारी येऊन बर्फाच्या पेटीवर बसे, कॉफी पीत राही, आणि सगळ्यांत हलकी थैली कुणाची यावर नजर ठेवी. गेले दोन महिने त्याची नजर एल्मिरच्या पाठीवर होती.

तसं कारणही होतं. एल्मिर खेळायची जपून, नेमाने. चारांत दोन एक्के आले की चढवायची, एरवी चढवायची नाही. तिला यात काही चूक दिसत नव्हती. चांगलं पान आलं तर चढवावं, नाही आलं तर गप्प बसावं. पेरणीपासून प्रार्थनेपर्यंत तिचं सगळं आयुष्य अशाच सरळ रेषेत गेलं होतं. पण उपासकाळापूर्वी येणाऱ्या मार्दी ग्राच्या सणाआधीच्या गुरुवारी तिने एक्क्यांवर चढवलं, आणि एक नाही, दोन नाही, चौघे तिच्यामागे आले. मधे उघडली छक्की, पंजी, चव्वी. एल्मिरने पुन्हा चढवलं. शेवटी गिरणीत वजनकाट्यावर बसणाऱ्या आल्सीने शांतपणे अठ्ठी आणि सत्ती खाली ठेवली, आणि तिची निम्मी थैली ओढून घेतली.

"माफ करा हं, काकू," आल्सी म्हणाला. तो फार सभ्य माणूस.

"त्यात माफी कसली?" ओवीद म्हणाला. "वहिनी, एक सुचवू का? तुम्ही चढवता तेव्हा ते दोन एक्के सरळ उघडेच मांडत जा. आम्हाला माहीतच असतात. निदान हवा तरी लागेल त्यांना."

सगळे हसले. एल्मिरही हसली, पण ते बोलणं तिला कुठेतरी टोचलं. ओवीदच्या बोलण्याचं तिला वाईट वाटत नसे. टोचलं ते त्यातलं खरेपण.

राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचा उपासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळाला राख लावून घेण्यासाठी ती चर्चमध्ये रांगेत उभी होती. दरवर्षी उपासकाळात ती कॉफीतली साखर सोडी. चाळीस दिवस बिनसाखरेची कॉफी तिला आता इतकी सवयीची झाली होती, की ईस्टरच्या सकाळी पहिला गोड घोट घेतानाच उलट त्रास होई. त्या दिवशी फादर म्हणाले, "जे सोडून काही वाटत नाही ते सोडू नका. हात जे न विचारता करतो, ते त्याला चाळीस दिवस करू देऊ नका. मग बघा तो काय करतो."

एल्मिरने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. न विचारता काय करतो हा? आणि तिला एकदम उत्तर सापडलं. देवाच्या दारात उभं राहून पत्त्यांचा विचार यावा याची तिला लाज वाटली. पण संकल्प हा जिथे सुचतो तिथेच सोडायचा असतो, तो मागाहून सोयीने निवडायचा नसतो, असं तिचं मत होतं. पुढची बाई राख लावून बाजूला झाली तोवर तिचा नेम ठरला होता.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवर बसल्याबसल्या तिने सांगून टाकलं. न सांगता खेळणं तिला फसवणूक वाटली असती.

"ईस्टरपर्यंत मी चढवणं सोडलंय."

पर्सीचे पानं पिसणारे हात थांबले. "म्हणजे नक्की काय, काकू? शब्द पक्का करा. मला वाटायला बसायचंय."

"दुसऱ्याच्या चालीवर माझी चाल नाही. तो करील तेवढी भरीन, नाहीतर पॅक करीन."

"आणि तुमच्या आधी कुणीच चाल केली नसेल तर?"

एल्मिरने विचार केला. "तेव्हा करीन. ते चढवणं नव्हे. ते बोलायला सुरुवात करणं. दुसऱ्याच्या आवाजावर आवाज चढवायचा नाही, एवढंच."

"अरे देवा!" ओवीदने कपाळाला हात लावला. तो तिच्या उजव्या हाताला बसे, म्हणजे चाल कायम त्याची आधी आणि तिची नंतर. "आमचे दादा ऐकतायत का हे? चाळीस वर्षांत घरात जे झालं नाही ते पर्सीच्या दुकानात होणार!"

"भावोजी, तुम्ही काय सोडलंत ते सांगा आधी."

"मी बियर सोडली."

"ती डॉक्टरांनी सोडवली गेल्या नाताळात," बर्फाच्या पेटीवरून रेजिस म्हणाला.

"तीच ती. दोन्हींकडे धरायची. एक उपास, दोन पुण्यं."

पहिल्या गुरुवारी सगळ्यांनी तिला छळून घेतलं. बाई चढवणार नाही हे कळल्यावर जो तो मनाला येईल तशी चाल करू लागला. फाटकी पानं घेऊन लोक तिच्यावर चालून येत होते. कुत्रं बांधलेलं आहे हे कळल्यावर मुलं जशी फाटकाशी येऊन नाचतात, तशी त्यांची तऱ्हा. थैली थोडी उतरली. एल्मिरचे हात शिवशिवत होते. एकदा तर बिल्ल्यांचा गठ्ठा तिच्या बोटांनी उचललाही होता. तो तसाच खाली ठेवून तिने हात मांडीवर घेतला.

पण हाताला काम उरलं नाही तसे डोळे मोकळे झाले, हे तिच्या दुसऱ्या गुरुवारी लक्षात आलं. पूर्वी एक्के आले की तिला दुसरं काही दिसतच नसे, आपली चाल आणि आपलं पुढचं बोलणं एवढंच. आता चाल भरून झाली की ती रिकामी असे. आणि रिकामं बसून पाहिलं तर केवढं दिसत होतं! आल्सीकडे चांगलं असलं की तो जास्तच सभ्य होतो. ओवीदची बडबड पानांशी नव्हे, कंटाळ्याशी बांधलेली आहे. आणि मुख्य म्हणजे ती नुसती भरते आहे म्हटल्यावर तिच्याकडे काय असेल हे आता कुणालाच कळत नव्हतं.

त्याच दिवशी तिला दोन एक्के आले. तिने चढवलं नाही, ती मुकाट्याने सगळ्यांबरोबर आत गेली. मधे एक्का, नव्वी, चव्वी उघडली. ओवीदने चाल केली, तिने भरली. चौथ्या पानाला पुन्हा केली, पुन्हा भरली. पाचवं पान दुसरी नव्वी. ओवीद म्हणाला, "पॉट!" आणि तिने भरलं. त्याने नव्वी-चव्वी आपटली. तीन नव्व्या, दोन चव्व्या.

एल्मिरने आपले दोन एक्के त्याच्या शेजारी ठेवले. तीन एक्के, दोन नव्व्या.

ओवीद पानांकडे पाहतच राहिला. "एक्के? आणि तुम्ही सुरुवातीला चढवलं नाहीत?"

"सांगितलं होतं ना."

"सांगितलं होतंत, पण म्हणून काय खरंच!" तो पर्सीकडे वळला. "पर्सी, हे चालतं का? ही लपवाछपवी झाली."

"तुम्हीच म्हणाला होतात ना, माझे एक्के दिसतात म्हणून?" एल्मिर हळूच म्हणाली. "आज नाही दिसले."

रेजिसने एक सुस्कारा टाकला आणि आणखी कॉफी ओतून घेतली.

त्या संध्याकाळी घरी जाताना एल्मिरला समाधानापेक्षा कुतूहलच जास्त वाटत होतं. म्हणजे न चढवणंच बरोबर की काय? चार वर्षं आपण उलटंच करत होतो? पण तसंही नसावं, कारण शेवटच्या चालीला आणखी चढवता आलं असतं तर ओवीदने तेही भरलं असतं. ती भाकरी उलटवावी तसा हा विचार इकडून तिकडे करत राहिली. कुठलीच बाजू पुरती भाजून होईना.

मग आला पाचवा गुरुवार.

तिला आले बदाम आणि किलवरचे एक्के, चौकटचा गुलाम, बदामाची दश्शी. मधे उघडली इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी आणि किलवरची सत्ती. एल्मिरने दोनदा पाहिलं. गुलाम, दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती. सरळ सिक्वेन्स, आणि या तीन पानांवर याहून मोठं त्या घडीला जगात कुणाकडे असूच शकत नव्हतं.

ओवीद म्हणाला, "पॉट."

बाकीच्यांनी तीन पानं उघडण्याआधीच पॅक केलं होतं. आता उरले ते दोघे. एल्मिरने आपल्या गठ्ठ्यातले बिल्ले मोजले. सगळ्यांत मोठं आपल्याकडे, समोर ओवीद ढीगभर चाल करून बसलेला, आणि आपण नुसतं भरायचं! साखरेविना कॉफी काय, काहीच नव्हती. हा खरा उपास. क्षणभर तिच्या मनात आलं की एकदाच चढवावं आणि शनिवारी पापाची कबुली देताना फादरना सांगून मोकळं व्हावं. आणि मग तिला स्वतःचंच हसू आलं. मोडायचं आधी ठरवून मग माफी मागायला जायचं, म्हणजे देवाशीच पत्ते खेळणं झालं.

तिने भरलं.

चौथं पान इस्पिकची दुर्री.

ओवीद पुन्हा म्हणाला, "पॉट."

आता मधे तीन इस्पिक होते. हातात दोन इस्पिक असणाऱ्याचा रंग, आणि रंगापुढे सिक्वेन्स पडतो. एल्मिरच्या हातात इस्पिकचं एकही पान नव्हतं.  आधी चढवून बसली असती, तर आत्तापर्यंत इतकं आत गेलं असतं की मागे फिरण्यात अर्थ उरला नसता. पण ती फक्त एकदा भरून आली होती. परतीची वाट अजून दिसत होती. तिने पानं पालथी केली.

ओवीदला दाखवल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने चारही पानं उलटली. किलवरचा गुलाम, इस्पिकची दश्शी, इस्पिकचा बादशहा, चौकटची राणी. "आधीपासून सिक्वेन्स होता माझ्याकडे, वहिनी. आणि वर हा रंग. देव देतो तेव्हा असं देतो."

"सिक्वेन्स तुमच्याकडेही होता?" तिने विचारलं.

"तुमच्याकडेही म्हणजे? तुमच्याकडे होता?"

एल्मिरने आपली पालथी पानं पर्सीकडे सरकवली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. हरल्यामुळे नव्हे, काय होता होता राहिलं ते दिसल्यामुळे. नेम नसता तर तिने चढवलं असतं, त्याने पुन्हा चढवलं असतं, आणि सगळी थैली मधे गेली असती. मग रेजिस आत्ता या खुर्चीवर बसलेला असता, आणि ती सहासष्टाव्या वर्षी पुन्हा रांगेच्या शेवटी.

घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पानं मांडली. तिचा नवरा क्लेबेर पत्त्यांना हात लावत नसे. तो क्रॉफिश झिंगे पकडायच्या पिंजऱ्यांच्या जाळ्या सांधत समोर बसला होता.

"जिंकत होतीस ना तू?" सगळं ऐकून तो म्हणाला. "सगळ्यांत मोठं तुझ्याकडेच होतं म्हणतेस."

"अहो, तेच तर. मलाही तसंच वाटलं. पण त्याच्याकडेही तेच होतं. आम्ही बरोबरीत होतो."

"मग बरोबरी. अर्धं अर्धं."

"अर्धं अर्धं कधी? पुढची दोन पानं बिनकामाची पडली तर. आणि इस्पिक पडला तर सगळं त्याचं. आता सांगा, काय पडलं असतं तर सगळं माझं झालं असतं?"

क्लेबेरने जाळी खाली ठेवली आणि पानं पाहिली. त्याला त्यातलं कळत नव्हतं, पण बायको विचारते आहे म्हणून त्याने प्रामाणिकपणे पाहिलं. "काय?"

"काहीच नाही! मी गड्डीतलं एकेक पान ठेवून बघितलं. दहा-वीस पानं त्याच्या कामाची, माझ्या कामाचं एक नाही. मला काहीच नको होतं, म्हणून मी खूश होते. आणि काहीच नको असणं हीच अडचण होती."

क्लेबेर विचारात पडला. "आपल्या कालव्याशेजारच्या रानासारखं म्हण की. दोघांचं पीक आज सारखंच उभं. पण त्याच्या रानाला खाली पाण्याची वाट आहे आणि आपल्याला नाही."

"हो! आणि मी त्याला सांगणार होते, चल, दोघांची सगळी जमीन पणाला लावू."

"बरं झालं नाही सांगितलंस," क्लेबेर म्हणाला आणि पुन्हा जाळी सांधू लागला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली. "पण मग ते वरचे दोन एक्के कशाला होते तुझ्या हातात?"

एल्मिर त्या दोन एक्क्यांकडे पाहत राहिली. इतका वेळ ती गुलाम आणि दश्शीच धरून बसली होती. चार वर्षं ती हेच करत आली होती: चारांतली दोन चांगली शोधायची आणि बाकीची दोन डोळ्यांआड करायची. ओवीदची उरलेली दोन पानं काम करत होती. तिची नुसती बसून होती, एक्के असून. कितीही मानाची असली, तरी त्या डावात ती एका भांड्यालाही हात न लावणाऱ्या पाहुण्यासारखी होती.

तेवढ्यात संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ झाली. ती पानं तशीच टाकून उठली.

ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी खेळ नव्हता. ईस्टर झाला, उकडलेली रंगीत अंडी फोडून झाली, आणि त्यानंतरच्या गुरुवारी ती पुन्हा खुर्चीवर बसली तेव्हा थैलीत चारशेच्या आसपास बिल्ले होते. सहांत सगळ्यांत हलकी थैली तिचीच.

"सुटलं का बांधलेलं?" ओवीदने विचारलं.

"सुटलं."

"सावध राहा रे सगळे. चाळीस दिवसांचं साचलंय."

तास-दीड तास काही घडलं नाही. लोक वाट पाहत होते, ती कधी चढवते याची. ती भरत होती, पॅक करत होती. पर्सी म्हणाला, "काकू, ईस्टर झाला बरं का. कॅलेंडर देऊ का?"

तीन वाजून गेले असतील. ओवीदने पानं येताच थोडं चढवलं, आणि सगळेच त्याच्यामागे आत गेले. एल्मिरही गेली. तिच्याकडे होती चौकटची दश्शी, बदामाची नव्वी, किलवरचा एक्का, किलवरची पंजी. दिसायला साधाच हात.

पर्सीने तीन पानं उघडली. किलवरची अठ्ठी. चौकटची सत्ती. किलवरची छक्की.

दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की. पुन्हा सगळ्यांत मोठा सिक्वेन्स.

"पॉट," ओवीद म्हणाला.

एल्मिरचा उजवा हात आपोआप बिल्ल्यांकडे गेला. तिने तो पाहिला आणि थांबवला. आता त्याला अडवायला नेम नव्हता. चढवलं तरी कुणाचं काही मोडणार नव्हतं. आधीच्या एल्मिरने मोठं आहे म्हणून चढवलं असतं. उपासातल्या एल्मिरने नुसतं भरलं असतं. दोघींनाही विचारावं लागत नव्हतं. आज विचारणं भाग होतं.

तिने दश्शी आणि नव्वी बोटाने बाजूला सारली आणि उरलेली दोन पाहिली. किलवरचा एक्का, किलवरची पंजी. मधे किलवर दोन. आणखी एक पडला की रंग, तोही एक्क्याचा, ज्याच्या वर रंग नाही. या वेळी पाण्याची वाट तिच्या रानाला होती.

पण ओवीदकडे काय? मधल्या तिन्हींतल्या एखाद्याची जोडी त्याच्या हातात असली आणि पुढे मधेही जोडी पडली, तर तीन आणि दोन होऊन तो सगळं नेईल. तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. गेल्या पाच गुरुवारांत रिकामं बसून तिने एक पाहिलं होतं: ज्याला पुढचं पान हवं असतं तो पर्सीच्या हातातल्या गड्डीकडे पाहतो. ओवीद गड्डीकडे पाहत नव्हता. तो तिच्याकडे पाहत होता, मिशीतल्या मिशीत खूश. त्याला काहीच नको होतं.

हा चेहरा तिच्या ओळखीचा होता. पाचव्या गुरुवारी तो तिचा होता.

चुकत असले तर आज खुर्ची गेली, तिच्या मनात आलं. आणि तरी हे तिला जाणून घ्यायचंच होतं.

"पॉट," ती म्हणाली. इतक्या हळू की पर्सीने पुन्हा विचारलं. "पॉट म्हटलं मी."

बाकीच्या चौघांनी भराभर पॅक केलं. "आलं! आलं!" ओवीदने टेबलावर थाप मारली. "चाळीस दिवस कोंडलेलं आलं बाहेर! पर्सी, माझाही पॉट. वहिनी, थैलीत राहील ते आता रेजिससाठी ठेवायचं नाही हं, सगळं इकडे."

एल्मिरने थैली उलटी केली. एक बिल्ला घरंगळत पायाशी गेला, तो आल्सीने अदबीने उचलून मधे ठेवला. रेजिस पेटीवरून उठला, कप ठेवला, हात पँटला पुसले आणि खुर्चीमागे येऊन उभा राहिला. कुणाच्या मागे इतकं जवळ उभं राहणं बरं दिसत नाही हे त्याच्याही लक्षात आलं, पण त्याचे पाय मागे हटेनात.

दोघांनी पानं उलटली.

ओवीदची इस्पिकची दश्शी, इस्पिकची नव्वी, आणि दोन लाल बादशहा. तोच सिक्वेन्स.

"अरेच्चा," ओवीद म्हणाला. "सारखंच! मग एवढा आरडाओरडा कशाला केला मी?"

"अजून दोन पानं यायचीत," पर्सी म्हणाला.

चौथं पान चौकटची राणी. कुणाच्या कामाची नाही. पर्सीने पाचवं पान जरा सावकाश उलटलं. काळं होतं.

"किलवर!" रेजिस ओरडला, आणि त्याचा आवाज रडवेला होता.

"इस्पिक," पर्सी म्हणाला. "इस्पिकची तिर्री. सारखंच दोघांचं. अर्धं अर्धं."

रेजिसला आनंद करावा की दुःख तेच कळेना. खुर्ची मिळाली नव्हती, पण एल्मिरला सगळा ढीगही मिळाला नव्हता. तो परत पेटीवर जाऊन बसला. पर्सीने ढिगाचे दोन भाग केले. आधीच्या चौघांनी टाकलेले बिल्ले वाटले गेले, तेव्हा तिची थैली होती त्याहून जराशीच वर आली. कपभर कॉफी संपेल एवढ्या वेळात जे झालं त्याचं एवढंसं फळ.

एल्मिरने आपले बिल्ले परत थैलीत भरले.  तिला हसू येत होतं, आणि ते का येतंय हे कुणाला सांगावं तिला कळत नव्हतं.

ओवीद मात्र पानं गोळा करू देईना. त्याने तिचा किलवरचा एक्का आणि पंजी पुढे ओढली, आणि पर्सीच्या हातातली गड्डी व बाकीच्यांनी टाकलेली पानं मागून घेतली. त्यातून त्याने किलवर एकेक काढून टेबलावर ठेवले. आठवा ठेवला. मग नववा.

"नऊ," तो म्हणाला. "नवांतला एक पडला असता तर तुम्ही सगळं नेलं असतं."

"हो, भावोजी."

"आणि माझ्यासाठी काय होतं?"

 आल्सी खोकला. ओवीदने आपले दोन बादशहा उचलले, उलटसुलट करून पाहिले, जणू त्यांच्या पाठीवर काही लिहिलेलं असावं.

"दोन बादशहा," तो म्हणाला. "आणि नुसते बसून होते हरामखोर."

"जपून बोला. ईस्टरचा आठवडा आहे."

"वहिनी, खरं सांगा. माझ्या जागी तुम्ही काय केलं असतं?"

"मी पहिली चाल केली असती, तुम्ही केलीत तशी. माझ्यावर कुणी चढवलं असतं तर नुसतं भरलं असतं."

"सगळ्यांत मोठं हातात असून?"

"सगळ्यांत मोठं असून. आणि मग पुढचं पान बघितलं असतं."

ओवीदने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. तीस वर्षं तो या टेबलावर खेळत होता. 

पर्सीने पानं पिसली, आल्सीने काटली, नवा डाव वाटला गेला. सगळ्यांनी आपापली चार पानं कोपऱ्यातून वर करून पाहिली आणि खाली ठेवली. ओवीदने ठेवली नाहीत. तो ती पंख्यासारखी पसरून बसला होता. पहिली दोन पाहिली, मग दुसरी दोन, मग एक इकडचं आणि एक तिकडचं. त्याचे ओठ हलत होते.

"काका, चाल तुमची," पर्सी म्हणाला.

"थांब रे."

"पत्ते खेळायचेत की दर्शन घ्यायचंय?"

"थांब म्हटलं ना! चार आहेत माझ्याकडे."

"पाच वाजता दुकान उघडायचंय मला," पर्सी म्हणाला. रेजिसने पेटीवर बसल्याबसल्या मान हलवली आणि आपल्यासाठी नवी कॉफी ओतून घेतली. एल्मिरने आपली पानं पुन्हा एकदा वर केली. चांगली नव्हती. तिला घाई नव्हती.